तीव्र रोग व जुनाट रोग : त्यांची ओळख आणि निदान

पावसाळा सरत आला आणि कपाशीला बोंडें धरूं लागलीं कीं, आपल्या खान्देशांत घरोघरीं तापाचीं अंथरुणें पडूं लागतात. कोणी म्हणतो, ऊन बाधलें. कोणी म्हणतो, पाणी बाधलें. आजीबाई सुंठीचा काढा करितात, शेजारी आपल्या घरीं उरलेल्या गोळ्या आणून देतात, आणि चार दिवसांनीं ताप उतरला म्हणजे ती गोष्ट सर्वांच्या विस्मरणांत जाते. पुष्कळ वेळां यांत कांहीं बिघडतहि नाहीं. परंतु ताप हें कोणत्याहि रोगाचें नांव नव्हे. दारावर कोणी थाप मारली एवढेंच तापावरून कळतें; बाहेर कोण उभा आहे, हें दार उघडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. त्या पाहण्यासच वैद्यशास्त्रांत निदान असें म्हणतात. शिवाय कांहीं रोग असे आहेत कीं, ते थाप मारीतच नाहींत. मागच्या दारानें हळूच आंत येतात आणि वर्षानुवर्षें घरांत राहतात. या दोन जातींच्या रोगांची ओळख आपले विद्यार्थी व त्यांचे पालक यांस व्हावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सूक्ष्म जंतु शरीरांत शिरून वाढूं लागल्यानें जे रोग होतात, त्यांचे काळाच्या मानानें दोन वर्ग पडतात. जे एकाएकीं सुरू होतात, थोड्या दिवसांत शिगेस पोंचतात, आणि मग रोगी बरा तरी होतो किंवा दगावतो तरी, ते तीव्र रोग होत. पटकी, प्लेग, डेंग्यू, गोवर, फुप्फुसाचा दाह हे त्यांपैकीं होत. जे नकळत सुरू होतात आणि महिनेच्या महिने चालतात, ते जुनाट रोग. क्षय व कुष्ठ हीं त्यांचीं ठळक उदाहरणें.

हा भेद कां पडतो, याचें एक कारण गणिताच्या साह्यानें सहज समजेल. एका जंतूचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ, अशा रीतीनें जंतु वाढतात. चोवीस वेळां दुप्पट झाली म्हणजे एका जंतूचे १,६७,७७,२१६ जंतु होतात. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. पटकीच्या जंतूसारखा जंतु अनुकूल स्थितींत अर्ध्या तासाच्या आंत दुप्पट होतो; म्हणजे ही मजल तो बारा तासांच्या आंतच गांठतो. क्षयाच्या जंतूला दुप्पट होण्यास सुमारें वीस तास लागतात. त्याला तेवढ्याच वाढीसाठीं वीस दिवस हवेत. कुष्ठाच्या जंतूला तर एकदां दुप्पट होण्यास बारा ते चौदा दिवस लागतात, आणि तीच मजल गांठण्यास त्याला दहा-अकरा महिने लागतात! म्हणूनच पटकीचा रोगी सकाळीं धडधाकट असून संध्याकाळीं मरणोन्मुख होऊं शकतो, आणि कुष्ठाचीं लक्षणें जंतु शरीरांत शिरल्यावर सरासरीनें पांच वर्षांनीं, कधीं कधीं तर वीस वर्षांनींहि दिसूं लागतात. शरीराची प्रतिकारशक्ति, जंतूंनीं लपावयास निवडलेली जागा, यांचाहि यांत मोठा वांटा असतोच. परंतु वेगाचा हा हिशेब ध्यानांत ठेवला कीं, पुढील पुष्कळ गोष्टी उलगडतात.

तीव्र रोगाच्या निदानास किती मोल असतें, याचें उदाहरण जुन्या मुंबई इलाख्याच्या इतिहासांत आहे. गोमंतकांतील हडफडें गांवीं जन्मलेले डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मुंबईस मांडवी भागांत वैद्यकी करीत असत. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत त्यांस एकाएकीं चढलेला जबर ताप, अतिशय ग्लानि आणि जांघेंत सुजलेली दुखरी गांठ असे रोगी आढळले. हा प्लेग होय, असें त्यांनीं सांगितलें. भरभराटलेल्या बंदरांत तो शब्द उच्चारणें ही साधी गोष्ट नव्हती. तरी त्यांनीं तो उच्चारला, आणि पुढें इतर तज्ज्ञांच्या तपासणींतहि तें निदान खरें ठरलें. या रोगाचा जंतु येर्सिन यांनीं दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें शोधून काढला होता. हाफकीन हे मुंबईस आले, त्यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. तथापि साथ मुंबईंत कोंडून राहिली नाहीं. माणसांबरोबर, धान्याच्या पोत्यांबरोबर, त्या पोत्यांतील उंदीर व उंदरांवरील पिसवा यांच्याबरोबर ती देशावर पसरली, आणि आपला खान्देशहि तिच्यांतून सुटला नाहीं. त्या काळीं खेड्यांतील लोकांस जंतूंचें ज्ञान नव्हतें. पण घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं गांव सोडून रानांत झोपड्या बांधून राहावें, हें त्यांस अनुभवानें कळलें होतें. तेंहि एक प्रकारचें निदानच होतें.

पुढें १९९४ च्या सप्टेंबरांत आपल्या शेजारीं, तापीच्या मुखाशीं असलेल्या सुरत शहरांत फुप्फुसाच्या प्लेगाची वार्ता उठली. आरंभीं निदानाविषयीं तज्ज्ञांत मतभेद झाले, आणि त्या गोंधळांत लाखों माणसें शहर सोडून निघालीं. वास्तविक प्लेगावर आतां गुणकारी औषधें आहेत. तीं वेळेवर मिळालीं तर रोगी बरा होतो. अज्ञात रोगाची भीति रोगापेक्षांहि जलद पसरते, आणि खात्रीचें निदान हेंच त्या भीतीवरील औषध आहे, हा धडा सुरतेनें आपणांस दिला.

आतां आपल्या नेहमींच्या तापांकडे वळूं. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापी-गिरणेच्या कांठापर्यंत पावसाळ्यानंतर येणारा ताप हिवतापाचा असेल, डेंग्यूचा असेल, विषमज्वराचा, म्हणजे ज्यास आपण मुदतीचा ताप म्हणतों त्याचाहि असेल. हिवतापांत बहुधा हुडहुडी भरते, मग ताप चढतो आणि घाम येऊन उतरतो. एका प्रकारांत तो एक दिवसाआड येतो. डेंग्यूंत डोळ्यांच्या मागें व सांध्यांत अतिशय ठणका लागतो. मुदतीचा ताप पायरीपायरीनें चढतो आणि उपचारावांचून आठवडेच्या आठवडे हटत नाहीं. परंतु हीं वर्णनें पुस्तकांत जितकीं स्वच्छ असतात, तितकीं अंथरुणावर नसतात. केवळ लक्षणांवरून नांव ठरविणें म्हणजे आवाजावरून माणूस ओळखणें. कधीं जमतें, कधीं फसगत होते.

येथेंच रोग्याच्या घरच्यांनीं करावयाचें एक मोठें काम आहे. ताप कोणत्या दिवशीं सुरू झाला, हें त्यांनीं लिहून ठेवावें. कोणती तपासणी करावी, हें पुष्कळदां तापाच्या दिवसावरून ठरतें. डेंग्यूच्या विषाणूचा अंश रक्तांत दाखविणारी 'एनएस१' ही तपासणी पहिल्या पांच दिवसांत उपयोगी पडते. त्यानंतर त्याच्याशीं लढण्यासाठीं शरीरानें निर्मिलेलीं 'आयजीएम' नांवाचीं प्रतिद्रव्यें शोधावीं लागतात. मुदतीच्या तापांत पहिल्या आठवड्यांत रक्तांतील जंतु वाढवून पाहणें हाच उत्तम मार्ग होय. विडाल यांनीं १८९६ सालीं शोधलेली तपासणी आपल्याकडे फार चालते. पण ती पहिल्या आठवड्यांत बहुधा मुकी असते, आणि पूर्वीं केव्हां तरी होऊन गेलेल्या तापामुळें किंवा लसीमुळें खोटी साक्षहि देते. हिवतापाचें निदान मात्र तापाच्या पहिल्याच दिवशीं होऊं शकतें. बोटाला टोंचून घेतलेला रक्ताचा एक थेंब कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला कीं त्यांत हिवतापाचे परजीवी दिसतात. लाव्हरां यांनीं १८८० सालीं अल्जेरियांत ते प्रथम पाहिले, आणि डांसाच्या पोटांत त्यांची वाढ होते हें रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें पाहिलें. आतां गांवोगांवच्या आशा सेविकांपाशींहि याची झटपट तपासणी असते. तपासणीपूर्वींच दुकानांतून आणलेल्या गोळ्या पोटांत गेल्या म्हणजे रोग बरा न होतां पुरावा तेवढा पुसट होतो, हें पालकांनीं विसरूं नये.

तथापि सर्वच ठिकाणीं निदानाची वाट पाहत बसणें योग्य नव्हे. पटकींत किंवा जुलाबांत शरीरांतील पाणी व क्षार झपाट्यानें जातात. तेथें जंतूचें नांव कळण्यापूर्वींच मीठ-साखरेचें प्रमाणशीर पाणी पाजण्यास आरंभ केला पाहिजे. १९७१ सालीं बंगालच्या सीमेवरील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं याच साध्या उपायानें असंख्य प्राण वांचविले. त्याचप्रमाणें मूल पाणी पिईनासें झालें, सारखें गुंगींत राहूं लागलें, त्यास झटके आले, मान ताठली, लघवी बंद झाली, अंगावर रक्ताचे ठिपके उठले, किंवा श्वास धापेसारखा चालूं लागला, तर घटकाभरहि न दवडतां दवाखाना गांठावा. श्वास मोजण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. मूल स्वस्थ असतां घड्याळ लावून एक मिनिटभर पोटाची हालचाल मोजावी. दोन महिने ते एक वर्षाच्या बालकास मिनिटास ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलास ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर फुप्फुसाच्या दाहाची शंका घ्यावी. घरांतील सातवी-आठवींतला विद्यार्थी हें काम उत्तम रीतीनें करूं शकेल.

तीव्र रोग असा आपणांस शोधीत येतो. जुनाट रोगास मात्र आपण शोधावें लागतें. त्याचें कपट हेंच कीं, तो रोग्यास कामावरून उठवीत नाहीं. क्षयाचा रोगी कित्येक महिने शेतावर जातो, मुलगा शाळेंत येतो. संध्याकाळीं अंगांत थोडी कणकण असते, रात्रीं घाम येतो, भूक मंदावते, सदरा सैल होऊं लागतो, आणि खोकला हटत नाहीं. कोणी म्हणतो, हवा बदलली. कोणी म्हणतो, तंबाखूचा खोकला आहे. आपल्या जिल्ह्यांत कापसाचे जिन पुष्कळ. कापसाच्या धुळीनेंहि खोकला येतो हें खरें, पण 'हा जिनाचा खोकला' असें म्हणून कित्येकांचें खरें दुखणें झांकलें जातें. यासाठीं एक नियम प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. खोकला दोन आठवडे टिकला, तर कारण कांहींहि वाटो, बेडका तपासून घ्यावा. लहान मुलांत खोकला नसला तरी वजन न वाढणें, रेंगाळणारा ताप, मानेंतील वाढलेल्या गांठी यांवरून शंका घ्यावी.

क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जगापुढें मांडला. तेव्हांपासून बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत चालत आली. क्ष-किरणांचें छायाचित्र छातीवरील डाग दाखवितें, पण तो डाग कोणाचा हें निश्चित सांगत नाहीं. जंतु वाढवून पाहावा तर त्याच्या मंद गतीमुळें कित्येक आठवडे लागतात. अलीकडे जंतूचा आनुवंशिक अंश ओळखणारीं यंत्रें निघालीं आहेत. तीं सुमारें दोन तासांत निकाल देतात, आणि मुख्य औषधास तो जंतु दाद देईल कीं नाहीं हेंहि सांगतात. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात. पूर्वीं क्षयी माणसास घरापासून दूर आरोग्यधामांत पाठवीत. परंतु मद्रास येथें १९५६ मध्यें सुरू झालेल्या प्रयोगांत असें सिद्ध झालें कीं, योग्य औषधें घेतल्यास घरीं राहूनहि रोगी तितकाच चांगला बरा होतो आणि घरच्यांस धोका वाढत नाहीं. औषधें मात्र सांगितलेली मुदत पुरी होईपर्यंत, साधारणतः सहा महिने, चुकवूं नयेत. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढतें आणि रोग्यास वाटतें, झालें बरें! त्या वेळीं औषध सोडलें तर उरलेले चिवट जंतु पुन्हां वाढतात, आणि मग त्यांस साधें औषध लागू पडत नाहीं.

याहूनहि मुका रोग म्हणजे कुष्ठ. पवित्र शास्त्रांतील लेवीय या पुस्तकांत त्वचेवरील चट्ट्याविषयीं नियम आहेत. याजकानें चट्टा पाहावा, संशय असल्यास त्या माणसास सात दिवस वेगळें ठेवावें, आणि सातव्या दिवशीं पुन्हां पाहावें. त्या ग्रंथांतील रोग म्हणजे आजचें कुष्ठच होतें असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु एकदां पाहून घाईनें निवाडा करूं नये, कांहीं काळानें पुन्हां पाहावें, ही रीत आजच्या निदानशास्त्रासहि मान्य आहे.

कुष्ठाचा जंतु हान्सेन यांनीं १८७३ सालीं नॉर्वेमध्यें शोधला. आजवर तो कोणत्याहि कृत्रिम खाद्यावर प्रयोगशाळेंत वाढवितां आलेला नाहीं. म्हणून येथें वैद्याचे डोळे व बोटेंच प्रमुख साधनें होत. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाहीं, दुखत नाहीं, आणि त्यावर स्पर्श कळत नाहीं. रोग्यास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोंकानें चट्ट्यास हळूच स्पर्श करितात, आणि कोठें स्पर्श झाला तें बोटानें दाखविण्यास सांगतात. आपल्या शेतांत पिकणाऱ्या कापसाची एक बारीक वात या कामीं पुरते! कोंपराशीं किंवा गुडघ्याखालीं मज्जातंतु जाड झाले आहेत काय, हेंहि चांचपून पाहतात, आणि जरूर तेव्हां त्वचेचा अंश सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. कोड, म्हणजे पांढरे डाग, हा अगदीं निराळा विकार असून तेथें स्पर्श शाबूत असतो. कोडास कुष्ठ समजून कोणास दुखविणें हा अन्याय होय.

चट्टा दुखत नाहीं म्हणून कोणी तो दाखवीत नाहीं, आणि मुलीच्या अंगावर असला तर लग्न जमणार नाहीं या भयानें घरचेच तो झांकतात. या झांकण्यांतच बोटांचा नाश आहे. १९८२ पासून अनेक औषधांची एकत्र योजना प्रचारांत आली असून तिनें सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि औषध सुरू होतांच थोड्याच काळांत रोग्यापासून इतरांस होणारी बाधा थांबते. वेळेवर आरंभ केल्यास हातापायांस कांहींहि व्यंग येत नाहीं. उशीर झाल्यास जंतु मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. भारतांतील कुष्ठरुग्णांच्या दुःखानें व्यथित होऊन वेल्स्ली बेली यांनीं १८७४ सालीं त्यांच्या सेवेसाठीं मिशन स्थापिलें, तेव्हां सेवेखेरीज हातांत कांहीं नव्हतें. आज औषध हातांत आहे. रुग्णांस वेगळें काढणारा १८९८ चा कायदाहि २०१६ सालीं रद्द झाला. २००५ च्या अखेरीस देशांतील प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झालें. तरी आपल्या महाराष्ट्रांत नवे रुग्ण अद्याप सांपडतात, आणि त्यांत मुलेंहि असतात. तेव्हां कायदा गेला, आतां मनांतील भिंत तेवढी जावयाची आहे.

तीव्र व जुनाट या दोहोंच्या सीमेवरहि कांहीं रोग आहेत. 'हिपॅटायटिस बी' हा काविळीचा विषाणु प्रौढाच्या शरीरांत शिरला तर बहुतेक वेळां कांहीं महिन्यांत नाहींसा होतो. तोच जन्मतः मातेकडून बालकांत आला तर दहांपैकीं नऊ बालकांत तो कायमचें घर करितो. रक्तांत त्याची खूण सहा महिन्यांहून अधिक टिकली म्हणजे रोग जुनाट झाला असें ठरवितात. म्हणून बालकास जन्मल्यापासून २४ तासांच्या आंत लस टोंचितात. हिवतापाचा एक प्रकार यकृतांत दडून बसतो आणि महिन्यांनीं पुन्हां डोकें वर काढतो. मुदतीच्या तापाचे जंतु क्वचित् बऱ्या झालेल्या माणसाच्या पित्ताशयांत राहतात. न्यूयॉर्क शहरांतील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट असूनहि अनेक घरांत हा ताप पोंचवीत होती, हें १९०७ सालीं उघडकीस आलें. उलटपक्षीं, सातपुड्यांतील आपल्या भिल्ल व पावरा बांधवांत आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार सांधे दुखवितो, थकवा आणितो. पण तो आनुवंशिक आहे, संसर्गानें होत नाहीं. तेव्हां रेंगाळणारें प्रत्येक दुखणें जंतूचेंच, असेंहि समजूं नये.

विद्यार्थी मित्रांनो, निदान करणें हें डॉक्टरांचें काम. पण डॉक्टरांकडे योग्य वेळीं, खऱ्या हकीकतीसह जाणें हें आपलें काम आहे. घरांत एक साधी वही ठेवा. ताप कोणत्या तारखेस आला, किती चढला, खोकल्यास किती दिवस झाले, कोणतें औषध घेतलें, हें तींत लिहा. स्नानाच्या वेळीं अंगावरील चट्टा पाहा, आणि आईवडिलांस दाखविण्यास लाजूं नका. पालकांस विनंति कीं, मुलांनीं दाखविल्यास रागावूं नका व लपवूं नका. वर्गांतील एखादा सोबती आठवडेच्या आठवडे खोकत असेल तर त्याच्यापासून दूर सरकून बसूं नका; त्यास घेऊन शिक्षकांकडे या. जो रोग स्वतः ओरडत नाहीं, त्याच्या वतीनें कोणी तरी बोलावें लागतें, आणि तें बोलणें वेळेवर झालें तर एखाद्याचा हात, एखाद्याचा श्वास, एखाद्याचें सारें आयुष्य वांचतें.